साउना-मास्तर

गेर्नोटने बॅगेतून वाळूचं घड्याळ काढलं आणि दोन्ही हातांनी जपून कॉफीच्या किटलीशेजारी उभं केलं. मग जाड लोकरीची टोकदार टोपी निघाली. मग घडी घातलेला लांबरुंद पांढरा टॉवेल, निलगिरीच्या आणि लिंबाच्या तेलाच्या बाटल्या, एक छोटी पितळी घंटा. सगळ्यात शेवटी छातीवर लावायचा बिल्ला. त्यावर त्याचं नाव होतं आणि नावाखाली पदवी: साउना-मास्तर.

समोर टाउनो हुटुनेन बशीतून कॉफी पीत होता. दातांत साखरेचा खडा धरायचा आणि त्यावरून कॉफी ओढायची, ही त्याची जुनी सवय. बिल्ला वाचता वाचता खडा सुटला आणि बशीत पडला.

"हे सगळं साउनात न्यायचं?"

"अर्थात!" गेर्नोट खुशीत म्हणाला. "उद्या लग्न. आज संध्याकाळी तुम्हा सगळ्यांना अस्सल साउना घडवतो. वरबापाकडून भेट समजा."

टाउनोची बहीण लेम्पी ओट्याशी राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पाऱ्या लाटत होती. आत भाताचं सारण भरून ती शंभरेक तरी भाजणार होती. तिला जर्मनचं अक्षर कळत नव्हतं. पण 'साउना' हा वाफेच्या आंघोळीचा शब्द आणि भावाचा चेहरा तिला पुरला. पाठमोरी असूनही तिचे खांदे हलताना दिसत होते.

टाउनोला जर्मन येत होतं, तेही एका विशिष्ट जातीचं. कागद कारखान्यात यंत्रं बसवायला जर्मन फिटर यायचे, त्यांच्याकडून तो ते शिकला. त्यामुळे त्यात शिव्या भरपूर आणि सभ्य शब्द बेताचे. मुलगी सिल्या जर्मन पोराच्या, माल्तेच्या प्रेमात पडली, तेव्हापासून तो सभ्य शब्द वाढवायचा प्रयत्न करत होता. आज त्याला जुनेच आठवत होते.

"साउना आधी एकदा बघून ठेवू का?" गेर्नोटने विचारलं. "तिकडे खालून धुराचा वासही येतोय. शेकोटी वगैरे आहे का?"

"हेर्रा पाहुणे आहेत," टाउनो म्हणाला. "हेर्रांनी संध्याकाळी यावं."

हेर्रा हा शब्द फार जुन्या काळी जर्मन मुलखातून स्वीडनमार्गे फिनलंडला आला. जर्मनीत तो कुणाच्याही नावाआधी लागतो, अगदी विजेच्या बिलावरसुद्धा. आमच्या तळ्याकाठी मात्र कामकरी माणूस तो एका खास सुरात उच्चारतो. ज्याने जन्मात कुऱ्हाड धरली नाही, पण ती कशी धरावी हे सांगायला जो पुढे असतो, तो हेर्रा. गेर्नोटला वाटलं, म्हातारा आपल्याला मान देतोय. तो खुलला आणि घंटा पुसायला पाण्याच्या नळाकडे गेला.

"का छळतोस रे त्याला?" लेम्पी हळूच म्हणाली. "दाखव की साउना. चिमणी नाही, धूर दारातून निघतो, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत?"

"मास्तर आहे तो. बिल्ला आहे. मास्तरला काय शिकवायचं?"

"पोटात काय दुखतंय ते सांग सरळ."

टाउनोने बशीतला खडा चमच्याने काढला. "शब्द आपला, लेम्पी. उसना नेला. आणि त्याचं काय करून ठेवलंय बघ. तिकीट, घंटा, टाळ्या!"

टाळ्यांचं ते गाऱ्हाणं लेम्पीने वर्षभर ऐकलं होतं. गेल्या उन्हाळ्यात सिल्याने बापाला जर्मनीत, माल्तेच्या कासेल शहरात नेलं आणि तिथल्या सार्वजनिक स्नानगृहातला साउना दाखवला. भिंतीवर नियमांची पाटी. बोलायचं नाही. दगडांवर पाणी आपल्या हाताने टाकायचं नाही. ठरलेल्या वेळी तिथला मास्तर आत आला, घंटा वाजवली, वाकून नमस्कार केला, दगडांवर सुगंधी पाणी ओतलं आणि टॉवेल गरागरा फिरवून वाफ लोकांच्या अंगावर हाणली. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे चर्चमध्ये कुणी टाळ्या वाजवतं का, असं टाउनो त्यानंतर गावात भेटेल त्याला विचारत होता. साउनात चर्चमध्ये वागतात तसं वागायचं हे त्याला आईने शिकवलं होतं.

"मी तुझी कढई नेते," लेम्पी म्हणाली, "तेव्हा तू करतोस तेवढंच करायचं का तिच्यात? तू तर अंड्याशिवाय काही करत नाहीस."

"तू कढई परत देतेस."

"आणि रिकामी देते का कधी?"

टाउनो उठला आणि साउनाकडे निघाला.

साउना तळ्याच्या काठाला होता. काळ्या ओंडक्यांची, ठेंगणी, एका खोलीची झोपडी. याच खोलीत टाउनोचा जन्म झाला होता, कारण घरात सगळ्यात स्वच्छ आणि ऊबदार जागा तीच होती. त्याच्या आजोबांना शेवटची आंघोळ इथेच घातली. इथे वाफेला जो शब्द आहे त्याचा जुना अर्थ जीव असा होतो. तो शब्द उसना न्यायला कुणी आलं नाही, नुसता साउना घेऊन गेले. झाकण इथेच टाकून भांडं नेल्यासारखं.

आणि याच खोलीत सिल्याला लग्नाच्या आदल्या संध्याकाळी न्हाऊ घालायचं, असं हेल्मी, टाउनोची बायको, पोरगी शाळेत जायला लागल्यापासून म्हणत आली होती. हेल्मी गेली त्याला आता तीन वर्षं होत होती. तेव्हापासून हा साउना टाउनोने पेटवलाच नव्हता. घरात विजेवरचा एक छोटा होता, त्यात तो एकटा बसायचा आणि लवकर उठायचा. पण काल त्याने इथले बाक घासून पांढरे केले आणि आज सकाळी दगडांखाली लाकडं रचली. हेल्मीचं काम लेम्पी करणार होती. परवा सिल्या कासेलला जाणार, कायमची. एवढी एक संध्याकाळ नीट पार पडावी, बाकी काही झालं तरी चालेल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्याने आत वाकून आणखी लाकडं सरकवली. दारातून आणि वरच्या झरोक्यातून धुराचे लोट निघत होते. हे असं दुपारभर चालायचं. मग आग आपोआप विझू द्यायची, धूर बाहेर जाऊ द्यायचा, आणि मग दगडांत साठलेली ऊब रात्रभर पुरायची. तो समाधानाने मागे झाला. दाराजवळच्या दगडावर बूट काढून ठेवले, रबरी बूट चढवले, आणि पलीकडच्या बेटावरून बर्च झाडाच्या डहाळ्या आणायला बोट काढली. अंगावर हलकेच मारायच्या जुड्या ताज्या पानांच्याच हव्यात, आणि नवरीसाठी तर हव्यातच.

बेटावर त्याला बरं वाटलं. डहाळ्या निवडताना तो शीळसुद्धा घालत होता. मधूनमधून काठाकडे बघायचा. धूर काळा, दाट, जसा हवा तसा. तो शेवटची जुडी बांधत होता, तेव्हा पाण्यावरून घंटेचा आवाज आला. किणकिण, किणकिण, खूप वेळ. टाउनोने कपाळाला आठी घातली. हेर्रांची तालीम चालू झाली तर.

मग त्याने परत बघितलं. धूर पांढरा झाला होता.

पांढरा म्हणजे वाफ. वाफ म्हणजे पाणी. एवढा हिशेब करायला त्याला क्षण लागला, आणि मग तो वयाला न शोभेल अशा वेगाने वल्ही मारू लागला.

काठावर गेर्नोट गवतात बसला होता. डोक्यापासून पायापर्यंत काळा, पायांत नुसते ओले मोजे, एक भुवई अर्धी जळालेली. शेजारी रिकामी बादली. मागे लेम्पी लाटणं हातात धरून उभी. साउनाच्या दारासमोर अर्धवट जळालेली लाकडं ओढून काढलेली, आणि आत दगडांवर पाणीच पाणी.

"विझली," गेर्नोट खोकत म्हणाला. त्याने टाउनोकडे असं काही बघितलं की जणू टाउनो तळ्यातून नाही, आभाळातून उतरलाय. "विझली. सगळं ठीक आहे. देवाची कृपा."

"मला घंटा ऐकू आली," लेम्पी सांगू लागली. "मला वाटलं, सुरू झाला ह्यांचा साउना. म्हणून पाऱ्या संपवून निवांत आले."

टाउनोने आत डोकं घातलं. काही दगड तडकले होते. भट्टीतून चिखल वाहत होता. सकाळपासूनची ऊब गेली होती. साउनाच्या दारात शिवी द्यायची नाही, हा नियम त्याने उभ्या आयुष्यात मोडला नव्हता. तो वळला, लाकडी धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेला आणि तळ्याकडे तोंड करून शिव्या दिल्या. फिनिश अपुरं पडलं तेव्हा फिटरांकडून शिकलेलं सगळं जर्मन त्याने वापरलं. पाण्यावरून आवाज चांगला जातो. गेर्नोटला शब्द न् शब्द कळला.

तेवढ्यात सिल्या आणि माल्ते गावातून फुलं आणि केक घेऊन आले. माल्तेने बापाला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात समजावलं. इथे चिमणी नसते, पपा. धूर असाच निघतो, तो तसाच निघायला हवा. गेर्नोट ऐकत होता. काजळीखाली त्याचा चेहरा पांढरा पडत गेलेला कळत होता. तो एवढंच म्हणाला, "चुकलं माझं," आणि आणखी काही सांगायच्या भानगडीत पडला नाही.

"बाबा, घरातला आहे ना," सिल्या म्हणाली. "त्यात करू. काही बिघडत नाही."

पण तिने साउनाच्या दाराकडे बघितलं आणि तिच्या हनुवटीला कंप सुटला. ती अगदी हेल्मीसारखी दिसली. टाउनोने डहाळ्या खाली ठेवल्या.

"बिघडतं," तो म्हणाला. "उन्हाळ्याची संध्याकाळ मोठी आहे. उजेड कुठे पळून चाललाय?"

पुन्हा लाकडं रचली. ओली भट्टी पेटता पेटेना, डोळे चुरचुरत होते. गेर्नोटने तोंड धुतलं, कुणाचे तरी जोडे घातले आणि न विचारता कुऱ्हाड उचलली. टाउनो डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिला. गडी एका घावात ओंडका फोडत होता.

"हेर्रा कुठे शिकले हे?"

"आजोळी. कोळसा परवडायचा नाही तिथे."

"आणि नोकरी?"

"ट्राम चालवायचो. निवृत्त होईपर्यंत."

टाउनोने लाकूड आत सरकवलं. ट्रामचा ड्रायव्हर. वर्षभर त्याने या माणसाला मनातल्या मनात टाय बांधून खुर्चीत बसवलं होतं.

"मग हे टॉवेलचं वेड कुठून?"

गेर्नोट जरा हसला, जरा खोकला. "ट्राममध्ये शंभर माणसं असतात, पण कुणी कुणाशी बोलत नाही. ड्रायव्हरशी तर नाहीच, तशी पाटीच असते. बायको गेल्यावर घरीही तेच. मग एकदा साउनात गेलो. तिथेही कुणी बोलत नव्हतं, पण सगळे एकत्र घामाघूम झाले, एकत्र हुश्श केलं आणि टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, मास्तर व्हायला काय करावं लागतं."

टाउनोला यावर काहीतरी बोलायचं होतं. सभ्य शब्दांत सापडेना. त्याने लेम्पीने पाठवलेल्या दोन पाऱ्यांपैकी मोठी गेर्नोटला दिली.

ऊन कलायला लागलं तेव्हा आग निवली. टाउनोने राख काढली, धूर जाऊ दिला आणि ओलं फडकं घेऊन एकटाच आत शिरला. नवरी यायच्या आधी बाक पुसायचे होते. वरचा राखाडी थर फडक्याबरोबर सहज निघत होता. दाराजवळच्या खालच्या बाकावर मात्र एक डाग निघेना. त्याने जोर लावला, मग थांबला. तो डाग नव्हता, तळवा होता. पाच बोटं, ओल्या काजळीची, कालच घासलेल्या पांढऱ्या लाकडात दाबून बसलेली.

पुढे दुसरा. त्याच्यापुढे आणखी एक. भट्टी उजव्या हाताला होती. तळवे डावीकडे चालले होते, बाकाच्या कडेकडेने, माणूस रांगताना टेकेल तेवढ्या उंचीवर. कोपऱ्यात ते वर चढले होते, सगळ्यात वरच्या बाकावर, आणि तिथे चाचपडून चाचपडून फिरले होते. त्या कोपऱ्यात आग नव्हती. विझवण्यासारखं काहीच नव्हतं. माणूस आत बेशुद्ध पडलाच, तर जिथे आडवा झालेला सापडेल, अशी ती जागा होती.

टाउनो फडकं हातात धरून उभा राहिला. दार उघडं होतं. बाहेर दगडावर त्याचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले दिसत होते, जाताना काढून ठेवले होते तसेच. त्याच्या पायांत अजून रबरी बूट होते.

त्याने फडकं पुन्हा भिजवलं. मग सगळे बाक लखलखीत पुसले. वरचा कोपरा तेवढा सोडला.

बायका आधी गेल्या. लेम्पीने सिल्याच्या केसांत फुलं खोवली, ताज्या जुड्या काखेत मारल्या आणि दार लावून घेतलं. आतून पाण्याचा चुर्र आवाज यायचा, मग सिल्याची किंकाळी, मग दोघींचं हसणं. मध्येच लेम्पी हेल्मीचं एक गाणं गुणगुणायला लागली, बेसूर, आणि सिल्याने तिला साथ दिली. बाहेर टाउनो सॉसेज भाजत होता. त्याचे डोळे भरून आले, आणि धुराचं निमित्त हाताशी होतं तरी त्याने ते वापरलं नाही. थोड्या वेळाने सिल्या लालबुंद होऊन धावत बाहेर आली आणि धक्क्यावरून थेट तळ्यात उडी मारली.

"बाबा!" ती पाण्यातून ओरडली. "आई असती ना, तर म्हणाली असती, एवढ्या मऊ वाफेचा साउना कधी झाला नव्हता!"

मग पुरुष. माल्ते आधीच आत जाऊन खालच्या बाकावर बसला होता. गेर्नोट दाराशी घुटमळत होता. हातात काहीच नव्हतं, घड्याळ नाही, टोपी नाही, घंटा नाही.

"टॉवेल कुठाय?" टाउनोने विचारलं.

"नको. हा तुमचा साउना आहे. मी आज पुरेसा..."

"आण म्हणतो ना. आमच्या शब्दाचं तिकडे काय झालंय ते मला नीट बघू दे."

गेर्नोटने त्याच्याकडे बघितलं. साउनात कुणी हेर्रा नसतो आणि कुणी तुम्ही नसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण काहीतरी बदललं होतं ते त्याला कळलं. त्याने टॉवेल आणला. टाउनोने दगडांवर पाणी टाकलं आणि गेर्नोटने, छाती काढून, टॉवेल गरागरा फिरवला. छपराला पिढ्यान्‌पिढ्या साठलेली काजळी भसकन खाली आली. तिघेही काळे झाले. माल्ते हसता हसता बाकावरून घसरला. टाउनोचं हसणं इतकं मोठं होतं की बाहेरून लेम्पीने दारावर थाप मारली.

"चर्चमध्ये असं हसतात का रे?"

"टाळ्या वाजवतोय आम्ही!" टाउनो ओरडला, आणि खरंच वाजवल्या.

माल्ते पाण्यात उडी मारायला गेला. दोघे म्हातारे मागे राहिले. टाउनो वरच्या बाकावर चढला आणि कोपऱ्याकडे बोट केलं.

"तू तिथे बस, गेर्नोट. ती जागा तुझी आहे."

गेर्नोट वर सरकला आणि बसता बसता थांबला. बाकावर काळा तळवा होता. त्याने आपला हात त्यावर ठेवला. बोटांवर बोटं बसली.

"तुझे बूट बाहेर होते," तो म्हणाला.

"हो. बोटीत मी रबरी घालतो."

"मला काय माहीत."

"मी सांगितलंच नव्हतं तुला," टाउनो म्हणाला, आणि पळी भरून पाणी दगडांवर सोडलं.